म्यानमारच्या बाबतीत आपली तत्त्वं गेली कुठे?

सांजवारा:
१९८८ ला रंगूनमधे विद्यार्थ्यांवर गोळ्या चालल्या तेव्हा आपण उघडउघड आंदोलकांच्या बाजूने होतो, आकाशवाणीच्या बर्मी बातम्यांनी तिथल्या जनरल लोकांचा जळफळाट व्हायचा. आणि २०२१ ला तिथल्या लष्कराने सत्ता बळकावल्यानंतर जूनमधे युनोच्या आमसभेत त्याविरुद्ध ठराव आला तर ११९ देश बाजूने आणि आपण चीन-रशियासोबत तटस्थ. मग तत्त्वं फक्त भाषणापुरती का? खरंच विचारतेय, भांडायला नाही आले.

घाटमाथा:
ताई, आधी ईशान्येचा नकाशा बघा. १६४३ किमी सीमा, सगळं डोंगर-जंगल, आणि पलीकडे आपल्या बंडखोरांचे तळ. १९९५ ला ऑपरेशन गोल्डन बर्डमधे दोन्ही सैन्यं मिळून मिझोराम सीमेवर त्यांना घेरत होती, तेवढ्यात दिल्लीने तिथल्या लोकशाहीवादी नेत्या सू ची बाईंना नेहरू पुरस्कार जाहीर केला, बर्मी सैन्याने अंग काढून घेतलं आणि बरेच जण निसटले. टाळ्या दिल्लीत, निस्तरायचं जवानांनी.

चहाबाज:
मान्य, पण हे अर्धंच झालं. २००७ ला तिकडे लष्करी राजवटीविरुद्ध भिक्खू रस्त्यावर उतरले होते तेव्हा आपले पेट्रोलियम मंत्री मुरली देवरा (आपल्या मुंबईचेच) गॅसच्या करारांसाठी तिकडे गेलेले. त्यात कसली आलीय सुरक्षा? आणि तिथल्या श्वे गॅस फील्डमधे ओएनजीसी विदेश आणि गेल या आपल्या सरकारी कंपन्यांचा हिस्सा असून गॅसची पाइपलाइन गेली चीनला. तेलही गेलं, तूपही गेलं.

जुना_वाचक:
१९४६ ला आपण वर्णभेदावरून दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडला, तोही स्वातंत्र्य मिळायच्या आधी, निर्यातीतला ५ टक्क्यांच्या आसपासचा वाटा सोडून. तेव्हा परवडलं?

घाटमाथा:
तिथे सीमा नव्हती हो काका.

सांजवारा:
सीमेचंच म्हणताय तर मिझोरामचं बघा ना. मार्च २०२१ मधे केंद्राने सांगितलं की तिकडून येणाऱ्यांना अडवा, तर मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं की आम्हाला गप्प बसता येणार नाही, आणि चर्चनी, यंग मिझो असोसिएशनच्या पोरांनी हजारो लोकांची सोय केली.

घाटमाथा:
सीमेपलीकडचे चिन जमातीचे लोक मिझोंचे भाऊबंदच आहेत, ते करणारच. याला नातं म्हणतात, परराष्ट्र धोरण नाही.

सांजवारा:
म्हणा. पण २७ मार्चला बर्मी लष्कराच्या परेडला आपला प्रतिनिधी बसला होता आणि त्याच दिवशी देशभर शंभराच्या वर माणसं मारली. बहुतेक देशांनी कोणी पाठवलंच नव्हतं. एक खुर्ची रिकामी ठेवली असती तर कुठला बंडखोर निसटणार होता, तेवढं सांगा.