विशेष शाळा हवी की शेजारची शाळा?

काळाचौकीची आई:
रविवारी एका साखरपुड्यात नणंदेचे यजमान म्हणाले, "वहिनी, या मतिमंद मुलांच्या शाळा आता बंद व्हायला हव्यात. सगळी मुलं एकाच शाळेत शिकली पाहिजेत." मायेनंच म्हणाले, पण माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून इथे विचारते.

माझा मुलगा बारा वर्षांचा. दुसरीपर्यंत घराजवळच्या शाळेत होता. कुणी मारलं नाही, चिडवलं नाही. शेवटच्या बाकावर खिडकीशी बसायचा. डबा मात्र रोज भरलेलाच परत यायचा. मला वाटायचं, भूक नसेल. चार महिन्यांनी कळलं, त्याला झाकण उघडता येत नव्हतं आणि ते कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

विशेष शाळेत बाईंनी शर्टाची बटणं उलटीकडून शिकवली. म्हणजे सगळं बाई करणार आणि काजातून अर्धं बाहेर आलेलं शेवटचं बटण तेवढं त्यानं ओढायचं. ते जमलं की त्याच्या आधीची पायरी. एका शर्टाला आठ महिने लागले. साठ मुलांच्या वर्गात आठ महिने कोण देणार होतं?

गोवंडीचा बाबा:
ताई, तुमचं दुःख समजतं, पण मला पटत नाही. झाकण कुणी उघडलं नाही हा त्या शाळेचा दोष आहे. मुलं एकत्र बसली याचा नाही.

माझी लेक नऊ वर्षांची, डाउन सिंड्रोम आहे. विशेष शाळेसाठी हार्बर लाइननं रोज जाऊन-येऊन दोन तास लागत होते. बायकोनं पोळीभाजी केंद्रातलं काम सोडलं. वर्षभरात पोर दमली आणि आम्हीही. आता ती इमारतीसमोरच्या पालिका शाळेत जाते. वाचन मागे आहे, पण संध्याकाळी खालून पोरी तिला हाक मारतात. लंगडीत तिच्यावर राज्य आलं तर सूट देत नाहीत. हे कुठल्या विशेष शाळेत शिकवणार?

विशेष शिक्षिका, २२ वर्षं याच कामात:
साखरपुड्यातल्या पाहुण्यांना एवढं सांगा, की कायदा शाळा बंद करा म्हणत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ नुसार ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ते शेजारच्या शाळेत की विशेष शाळेत, ही निवड मुलाची.

शिवडीची जय वकील शाळा १९४४ मध्ये निघाली तीसुद्धा आईवडिलांनी आपल्या मुलीसाठी काढली म्हणून. तेव्हा अशा मुलांसाठी फारशी दारं उघडी नव्हती.

पण गोवंडीच्या दादांचंही खरं आहे. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांत सौम्य प्रमाणाचीच मुलं जास्त असतात. त्यांतली कितीतरी साध्या वर्गात टिकतात, फक्त बाईंना मदत हवी. माझ्या वर्गात आठ मुलं आणि सोबत एक मावशी. ज्याला शी-शू सांगता येत नाही, झटके येतात, त्याला आज साठांच्या वर्गात बसवणं याला मी समावेशन म्हणणार नाही.

एका ताईचा भाऊ, डोंबिवली:
माझी बहीण चोवीस वर्षांची. तेरा वर्षं विशेष शाळेत गेली. घड्याळ, पैसे, पणत्या रंगवणं, सगळं शिकली. अठरा पूर्ण झाली आणि शाळा संपली. अशा मोठ्या मुलांना काम देणाऱ्या कार्यशाळेच्या यादीत नाव आहे, नंबर लागत नाही.

शाळा चांगली होती, म्हणूनच जास्त राग येतो. आमच्या इमारतीत तेरा वर्षं ती 'पिवळ्या बसमधली मुलगी' होती. बस यायची बंद झाली तेव्हा तिची चौकशी करायला एकही जण आला नाही, कारण तिचं नावच कुणाला माहीत नव्हतं. आता सकाळी सातला आंघोळ करून तयार होते आणि दारात चपला घालून बसते.

काळाचौकीची आई:
दादा, तुमचं वाचून हात थांबले. माझ्या मुलाचं नाव आमच्या मजल्यावरच्या दोन घरांना माहीत आहे, बस्स. शाळा मी सोडणार नाही. पण उद्यापासून खालच्या बेकरीत पाव आणायला त्यालाच पाठवीन, मी जिन्यात उभी राहीन.

गोवंडीच्या बाबांना एक विचारते. तुमच्या लेकीचा डबा कोण उघडतं?

गोवंडीचा बाबा:
आधी शेजारी बसणारी मुलगी उघडायची. मग महिन्यातून एकदा येणाऱ्या विशेष शिक्षिकेनं वर्गाच्या बाईंना सांगितलं, झाकण अर्धं सैल करून द्या, उरलेलं तिला करू द्या. तुमच्या बटणासारखंच. आता स्वतः उघडते. आमटी असली की सांडते.