मदत हवी आहे : पगार ग्रँटवर, करार वर्षावर्षाचा, अशा पदावर युनिव्हर्सिटीकडून ईबी-१बी (अमेरिकेतलं संशोधक-प्राध्यापकांसाठीचं ग्रीन कार्ड) कोणी केलंय का?

नमस्कार मंडळी,

मिशिगन सरोवराच्या आसपासच्या एका राज्य विद्यापीठात मी रिसर्च सायंटिस्ट आहे. विषय वनस्पतिरोगशास्त्र, त्यातही द्राक्षावरची डावणी. सांगली-तासगावकडच्यांना वेगळं सांगायला नको. इकडच्या बागांनाही हाच रोग छळतो, आणि फवारणीच्या औषधांना तो दाद का देईनासा होतो यावर माझं काम चालतं. आधी इथेच पोस्टडॉक केलं, मग विभागाने एच-१बी (नोकरीचा व्हिसा) काढून दिला. त्याचं आता चौथं वर्ष सरत आलंय. त्याची कमाल सहा वर्षं संपायच्या आत आय-१४० (ग्रीन कार्डासाठीचा पहिला अर्ज) मंजूर झालेला हवा. तो असला की पुढे तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. नसला तर गाशा गुंडाळायची वेळ येऊ शकते.

अडचण नेमकी अशी. आमचं इंटरनॅशनल ऑफिस ईबी-१बी साठी अर्ज करायला तयार आहे. या प्रकारात सहा निकषांपैकी किमान दोन बसावे लागतात आणि तीन वर्षांचा संशोधनाचा किंवा शिकवण्याचा अनुभव लागतो. शोधनिबंध, त्यांचे संदर्भ, इतरांच्या निबंधांचं परीक्षण, हे सगळं माझ्याकडे आहे आणि ऑफिसमधल्या बाईंनी फाइल पाहून बरी आहे असं सांगितलंय. गाडी अडलीय ती विभागाच्या पत्रापाशी. टेन्यूर ट्रॅकवर (कायम होण्याच्या वाटेवर) नसलेल्या संशोधकाची नोकरी मुदतबंद नाही, ती चालू राहील अशी रास्त अपेक्षा आहे, असं विद्यापीठाने लेखी द्यावं लागतं. आमच्या विभागप्रमुखांनी दिलेल्या मसुद्यात मात्र लिहिलंय की ही नेमणूक बारा महिन्यांची असून बाहेरचा निधी उपलब्ध असेपर्यंतच चालेल. ऑफिसने ते पत्र परत पाठवलं. आता प्रमुख म्हणतात, पुढच्या ग्रँटचा निकाल लागू दे, मग बघू. ग्रँटचा निकाल कधी लागेल हे यंदा कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

माझ्या वाचनाप्रमाणे दर वर्षी नवा होणारा करार असला म्हणून अर्ज आपोआप बाद होत नाही. विभाग निधी मिळवत राहणार आहे, आजवर मिळवत आलाय आणि पद पुढेही चालवायचा त्याचा इरादा आहे, एवढं नीट दाखवता आलं तर यूएससीआयएस (अमेरिकेचं इमिग्रेशन खातं) ते ग्राह्य धरते. आमच्या प्रयोगशाळेला गेली अनेक वर्षं सलग पैसे मिळत आलेत, मध्ये खंड नाही. म्हणजे लिहिण्यासारखं खरं काही आहे, खोटं काहीच लिहायला लावायचं नाहीये. ज्यांचं अशा ग्रँटवरच्या पदावर ईबी-१बी झालं त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : तुमच्या पत्रात हा भाग कसा मांडला होता? मागच्या ग्रँटची यादी जोडली होती का? सही प्रमुखांची होती की डीनची? तुमचं पत्र नको, मांडणी कळली तरी पुष्कळ आहे.

दुसरं म्हणजे पैशाचं. प्रमुखांनी सप्टेंबर २०२५ मधली ती एक लाख डॉलरची बातमी वाचली आणि त्यांच्या डोक्यात बसलंय की परदेशी माणसाला स्पॉन्सर करायचं म्हणजे विभागाला लाखाचा भुर्दंड. ती रक्कम देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या एच-१बी अर्जाची आहे, ग्रीन कार्डाच्या अर्जाशी तिचा संबंध नाही. हे मी त्यांना समजावलं, ऑफिसनेही कळवलं, तरी शंका पुरती गेलेली नाही. पर्ममध्ये (जागेसाठी पात्र अमेरिकन मिळत नाही हे जाहिरात देऊन दाखवायची प्रक्रिया) वकिलाची फी आणि जाहिरातीचा खर्च मालकानेच करावा लागतो, २००७ पासूनचा नियम आहे. ईबी-१बी ला पर्म लागत नाही, त्यामुळे तो नियमही लागू होत नाही आणि कायद्याने मी स्वतः खर्च उचलू शकते. तुमच्यापैकी कोणाच्या विद्यापीठाने कर्मचाऱ्याला हा खर्च करू दिलाय का, की अंतर्गत धोरणात ते बसत नाही म्हणून नकार दिला?

आता घरची बाजू सांगते, कारण तिच्यामुळेच एवढी घाई आहे. नवरा मेकॅनिकल इंजिनियर, कोल्हापूरला चांगल्या हुद्द्यावर होता. इथे एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) आहे, कामाची परवानगी नाही. २०१५ पासून एच-४ वाल्यांना वर्क परमिट मिळतं, पण त्यासाठी बहुतेक वेळा जोडीदाराचा आय-१४० मंजूर असावा लागतो. म्हणजे त्या एका पत्रावर दोन माणसांच्या नोकऱ्या अवलंबून आहेत. मुलगी सातवीत आहे, जन्म भारतातला. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाच्या वाट्याला सात टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे ईबी-२ (उच्चशिक्षितांचा गट) मध्ये भारतीयांची रांग दहा वर्षांहून जास्त तुंबलेली आहे. ईबी-१ ची (ईबी-१बी यातच येतं) रांगही आहे, पण ती काही वर्षांची. मुलगी एकवीसची झाली की साधारणपणे आमच्या अर्जात धरली जात नाही, त्याच्या आत आमचा नंबर लागतो की नाही हे पुष्कळसं यावर ठरणार आहे की आम्ही कुठल्या रांगेत उभे राहतो.

म्हणूनच एनआयडब्ल्यू (नॅशनल इंटरेस्ट वेव्हर, म्हणजे काम देशहिताचं आहे असं दाखवून करायचा ईबी-२ चा अर्ज) समांतर भरावं का, हा माझा तिसरा प्रश्न. तो अर्ज स्वतःचा स्वतः करता येतो, विभागाच्या पत्राची गरज नाही. धनासर नावाच्या इमिग्रेशन प्रकरणातल्या २०१६ च्या निकालापासून जे तीन मुद्दे पाहतात, त्यांत पिकांवरच्या रोगाचं काम बसेल असं दोन वकिलांनी सांगितलं. रांग ईबी-२ ची म्हणजे लांबचीच, पण आय-१४० मंजूर झाला तर एच-१बी ची मुदतवाढ आणि नवऱ्याचं परमिट हे दोन्ही प्रश्न सुटतात. शिवाय पुढे ईबी-१बी झालं तर आधीची प्रायॉरिटी डेट (रांगेतली तारीख) तिकडे नेता येते. कायद्याची बाजू मला समजली आहे. मला भीती वेगळीच वाटते. मी स्वतंत्र अर्ज केल्याचं कळल्यावर विभाग म्हणेल, मग आता आमची गरज काय, आणि पत्राचं काम कायमचं मागे पडेल. असा अनुभव कोणाला आलाय? तुम्ही विभागाला आधी सांगितलंत की मंजुरी आल्यावर?

नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापक मंडळींसाठी एक गोष्ट इथेच लिहून ठेवते, कारण आमच्याकडच्या एका ओळखीच्या असिस्टंट प्रोफेसरचं यात फार नुकसान झालं. शिकवण्याच्या पदांसाठी पर्मची वेगळी पद्धत आहे. निवड झालेला उमेदवार इतरांपेक्षा सरस होता एवढं विद्यापीठाने दाखवलं की पुरतं. एरवीच्या पर्ममध्ये किमान पात्रता असलेला अमेरिकन मिळाला तरी काम थांबतं. ही सवलत निवडीच्या तारखेपासून अठरा महिन्यांत अर्ज गेला तरच मिळते, आणि ते महिने रुजू झाल्यापासून मोजत नाहीत. प्रिव्हेलिंग वेज (त्या पदाचा सरकारने ठरवून द्यायचा पगार) यायलाच कित्येक महिने जातात. ऑफर लेटर हातात आलं की त्याच आठवड्यात इंटरनॅशनल ऑफिसला विचारा. तुमच्या आधीच्या कोणी विचारलं नव्हतं म्हणून संकोच करू नका. मी वर्गात शिकवत नाही, त्यामुळे मला हा रस्ता बंद आहे.

भर : प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. दोघांनी खाजगी कंपनीत जा असं सुचवलंय. युनिव्हर्सिटीचा एच-१बी कोट्याबाहेरचा असतो. कंपनीत जायचं तर मला पहिल्यांदाच वर्षाच्या ८५,००० व्हिसांच्या लॉटरीत उतरावं लागेल, आणि या टप्प्यावर तो जुगार नको वाटतो. एका ताईंनी विचारलंय की बाहेरचा वकील करून ईबी-१बी का भरत नाहीस. त्यात अर्जदार विद्यापीठ असतं, मी नव्हे. आणि आमच्याकडे विद्यापीठाच्या वतीने बाहेरच्या वकिलाला सही करता येत नाही. एनआयडब्ल्यूला मात्र स्वतःचा वकील चालतो.

ज्यांनी लिहिलं की प्रमुखांना टाळून थेट डीनकडे जा, त्यांना एवढंच सांगते की प्रमुख वाईट माणूस नाहीत. माझ्या कामाबद्दल ते चार लोकांत चांगलं बोलतात. निधी आटला तर शब्द कसा पाळणार, ही त्यांची काळजी मला खरी वाटते. त्यांना धीर येईल असं काही हातात हवंय : दुसऱ्या विभागाने असं पत्र दिलं आणि पुढे ग्रँट संपल्यावर त्या विभागावर काही बालंट आलं नाही, असं एखादं उदाहरण. ग्रीन कार्डाचं पत्र म्हणजे आयुष्यभराच्या नोकरीची हमी नव्हे, हे त्यांना माझ्या तोंडून पटत नाही. दुसऱ्या विभागप्रमुखांकडून पटेल. तुमच्यापैकी कोणी स्वतः विभागप्रमुख असाल, किंवा अशा पत्रावर सही केलेल्या कोणाला ओळखत असाल, तर विपु (विचारपूस) करा. प्रमुख, ऑफिसच्या बाई आणि मी अशी बैठक महिनाअखेरीला ठरली आहे, त्याआधी कळलं तर फार उपयोग होईल.