शब्दचर्चा: 'मिड-इंजिन' गाडीला मराठीत काय म्हणावं?

दौतटाक (४ जून २०१९)
एका मासिकासाठी लेख मराठीत आणते आहे. शेव्हरोले १८ जुलैला आपली नवी स्पोर्ट्स कार, कॉर्व्हेट, दाखवणार, तिच्या रचनेबद्दलच्या अटकळी असा विषय. १९५३ पासून या गाडीचं इंजिन चालकाच्या पुढे, लांबलचक बॉनेटखाली. आता ते पाठीमागे, सीट आणि मागची चाकं यांच्यामध्ये जाणार म्हणतात. मी लिहिलं 'मध्य-इंजिन मोटार'. संपादकांनी ते खोडून 'मधल्या इंजिनाची गाडी' केलं. मला ते वाचून गाडीला तीन इंजिनं असल्यासारखं वाटतं. रुळलेला शब्द आहे का कुणाकडे? परवा सकाळी मजकूर द्यायचाय.

घाटमाथा
तीन इंजिनं कसारा घाटात मिळतील, रेल्वेला मागून बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं, लावतात तेव्हा. 'मध्यस्थ इंजिन' करून टाका.

पेठेतला
मध्यस्थ लग्न जुळवतो. हे इंजिन दलाली किती घेणार?

जुनाकार्ब्युरेटर
आधी 'मध्य' म्हणजे कशाच्या मध्ये ते ठरवा. पुढच्या चाकांचा आस आणि मागच्या चाकांचा आस यांच्यामध्ये इंजिनाचा भार आला की झालं मिड-इंजिन. या हिशेबाने सध्याची सातव्या पिढीची कॉर्व्हेटही त्यातच बसते: इंजिन पुढेच, पण पुढच्या आसामागे सरकवलेलं, आणि गिअरबॉक्स थेट मागे. मग नवीन काय? नवीन हे की इंजिन चालकाच्या पाठीशी गेलं. तुमच्या शब्दात 'पाठ' यायला हवी, 'मध्य' नको.
शिवाय आपली मारुती ओम्नी. इंजिन पुढच्या सीटखाली, फिरतात मागची चाकं. म्हणजे १९६६ ची लॅम्बोर्गिनी मिउरा आणि मुलांना शाळेत नेणारी व्हॅन एकाच पंगतीत! मे महिन्यात ओम्नी चालवलेल्याला इंजिन कुठे असतं ते विचारा, उभ्याने सांगेल.

पेठेतला
'पाठराखं इंजिन'. घ्या, फुकट.

ढवळ्यापवळ्या
आस कसला, आख म्हणा. आणि तुम्ही जे शोधताय त्याच्या जवळचा शब्द आमच्याकडं आहे: उलाळ. बैलगाडीत कडबा मागं जास्त भरला की साटी मागं बसते आणि जू बैलांच्या मानेवरनं वर उचलतं. ती गाडी उलाळ झाली. पुढं जास्त भरलं तर सगळं ओझं मानेवर, संध्याकाळपर्यंत बैलाच्या खांद्याला सूज. आमचे आजोबा गाडी भरून झाली की बैल जुंपायच्या आधी धुरा एका हातानं उचलून बघायचे. हाताला थोडं जड लागलं पाहिजे, फार नाही. नसेल तर दोन पेंढ्या इकडच्या तिकडं. कॉर्व्हेटवाले ह्याच दोन पेंढ्या हलवतायत ना? लिहा 'उलाळ मोटार'.

जुनाकार्ब्युरेटर
वा! पण बैल पुढून ओढतात, म्हणून तुमच्याकडे उलाळ हा दोष. या गाडीला मागची चाकं ढकलतात. जोर दिला की वजन मागे झुकतं, आणि चाकांवर वजन असलं तर टायर जागच्या जागी फिरत नाहीत. म्हणून इथे थोडी उलाळ हवीच. मात्र पोर्श ९११ सारखं इंजिन मागच्या आसाच्याही पलीकडे टांगलं, तर वळणावर शेपूट बाहेर यायला बघतं.

शब्दवेडा
'उलाळ'चं मूळ संस्कृत उत् + लल् असावं, असं माझं मत. पण 'आख' मराठी नव्हे, हिंदीतून घुसलेला. क्ष चा मराठीत स किंवा श होतो: इक्षु–ऊस, कुक्षि–कूस, मक्षिका–माशी. तसा अक्ष–आस. पृथ्वीही आसाभोवती फिरते, आखाभोवती नाही.

ढवळ्यापवळ्या
मग भिक्षेची भीक आणि लक्षाचे लाख कुठून घुसले? सुतारापुढं जाऊन 'आस बदलून द्या' म्हणून बघा. कसली आस लागली, विचारील.

मिशिगनकर
इथे आम्ही मराठी मंडळी गाड्यांच्याच धंद्यात आहोत. जेवताना सरळ 'मिडइंजिन' म्हणतो, कुणाचं काही अडत नाही. मुळात वाचकाला शब्दाची चिंता नाहीये, चिंता वेगळीच आहे. क्लचचं पेडल राहणार का? आठ सिलिंडरचं इंजिन, म्हणजे व्ही-आठ, जुन्या पद्धतीचं, झडपा पुशरॉडच्या दांड्यांनी उघडणारं ठेवणार, की झडपा उघडणारा कॅम वरच असलेलं नवं? कॉर्व्हेटचे अभियंते झोरा आर्कस-डंटोव यांनी १९६० च्या सुमारास चालकामागे इंजिन असलेली प्रायोगिक गाडी बांधली होती. तिथपासून 'पुढच्या वर्षी येणार' हे ऐकत पिढ्या गेल्या. त्यावर लिहा ना.

शब्दवेडा
काही अडत नाही म्हणूनच भाषा जाते. उद्या 'जेवण'ही अडणार नाही.

मिशिगनकर
'इंजिन', 'मोटार', 'टायर' कुठल्या ओवीत आहेत, साहेब?

दौतटाक (६ जून)
मजकूर दिला. मथळ्यात 'मिड-इंजिन', आत एकदा 'इंजिन चालकाच्या पाठीशी'. उलाळ घालायचा मोह झाला होता, संपादकांनी विचारलं हे उनाड लिहायचंय का.

जुनाकार्ब्युरेटर (१९ जुलै)
काल गाडी दाखवली. इंजिन पाठीशीच. ६.२ लिटरचं व्ही-आठ, पुशरॉड शाबूत. पेडल मात्र गेलं: दोन क्लचचा आठ गिअरचा डबा, आपोआप बदलणारा. सामानाला पुढे एक कप्पा, मागे एक. दौतटाकताई, तुमच्या लेखातल्या किती अटकळी खऱ्या ठरल्या?

वऱ्हाडी
ते राहू द्या. मी आताच वरून सगळं वाचलं. आमच्याकडे धुरा म्हणजे शेताचा बांध. तो ह्यांच्या आजोबानं एका हातानं कसा उचलला म्हणतो मी?