विषय : ओंटारिओतील मुलाखतींची पुण्यातून तयारी

प्रेषक : नवी सभासद, कोथरूड, पुणे
प्रति : मंडळाचे सर्व सभासद

स. न. वि. वि.

आमच्या कुटुंबाला कॅनडाची पीआर (कायम वास्तव्याची परवानगी) मिळाली असून येत्या उन्हाळ्यात आम्ही ओंटारिओ प्रांतातील मिसिसागा येथे राहायला येत आहोत. मी मेकॅनिकल शाखेची पदवीधर आहे आणि भोसरीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात काम करते. मुलाच्या जन्मानंतर काही काळ मी घरी होते, पण नंतर त्याच क्षेत्रात परत आले. तिकडच्या काही कंपन्यांनी व्हिडिओवरून प्राथमिक मुलाखत घेण्याची तयारी दाखवली आहे, त्यामुळे निघण्यापूर्वी इथूनच तयारी करावी असा विचार आहे.

हमखास विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांच्या याद्या आणि त्यांची तयार उत्तरे इंटरनेटवर पैशाला पासरी आहेत. परंतु ती कोणाच्याही तोंडी शोभावीत इतकी गुळगुळीत वाटतात. ज्यांनी तिकडे मुलाखती दिल्या किंवा घेतल्या आहेत त्यांना माझे विचारणे असे, की ‘स्वतःविषयी सांगा’ या प्रश्नाचे उत्तर किती लांबवावे, वरिष्ठांशी झालेल्या मतभेदाविषयी विचारले तर खरे सांगावे काय, नोकरीतील खंड कसा मांडावा, ‘कॅनडातील अनुभव नाही’ या आक्षेपाला काय उत्तर द्यावे आणि पगाराची अपेक्षा कोणत्या हिशेबाने सांगावी?

कळावे, लोभ असावा.

प्रेषक : जुने सभासद, सध्या पौड रस्ता, पुणे

नमस्कार ताई,

नोकरीची बहुतेक वर्षे मी ओंटारिओतील कारखान्यांत काढली आणि त्यांतल्या उत्तरार्धात मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसण्याचे काम बरेच आले. निवृत्तीनंतर हिवाळ्यात पुण्याला असतो, त्यामुळे इकडून तिकडे निघालेल्या उमेदवारांशीही बोलणे होते. त्या जोरावर लिहितो.

आपल्याकडे इंजिनिअरिंगच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ‘ओरल’ची सवय असते. बाहेरून आलेल्या परीक्षकाला उत्तर आधीच ठाऊक असते. ते आपल्यालाही येते एवढेच दाखवायचे असते, म्हणून व्याख्या चोख म्हटली की काम भागते. पुण्यातल्या कंपन्यांच्या मुलाखतीही पुष्कळदा त्याच वळणाच्या असतात. ओंटारिओत तांत्रिक प्रश्न विचारत नाहीत असे नाही, परंतु मुलाखतीचा मोठा भाग ‘असा एखादा प्रसंग सांगा’ या धाटणीच्या प्रश्नांनी व्यापलेला असतो, कारण माणूस पुढे कसा वागेल याचा भरवशाचा पुरावा म्हणजे तो पूर्वी कसा वागला, असा त्यामागचा विचार आहे. अशा प्रश्नाचे उत्तर समोरच्याला ठाऊक नसते. ते फक्त आपल्यापाशी असते, आणि आपण सांगितले नाही तर ते कोणालाच कळत नाही.

मोठ्या कंपन्यांत आणि सरकारी कार्यालयांत मुलाखतीला बहुधा दोन-तीन माणसे बसतात. प्रश्न आधी ठरलेले असतात, सर्व उमेदवारांना तेच विचारले जातात आणि प्रत्येकाजवळ गुण भरण्याचा कागद असतो. आपण बोलत असताना ही मंडळी मान खाली घालून लिहीत राहतात. त्यांचे लक्ष उडाले अशी समजूत करून घेऊन अनेक उमेदवार तिथेच उत्तर आवरते घेतात, आणि गुण नेमके तिथे जातात. ‘मी सर्वांना विश्वासात घेऊन काम करते’ असे म्हटले तर त्या कागदावर लिहिण्याजोगे काही हाती लागत नाही. कोणत्या मशिनवर, कोणाला, काय दाखवून विश्वासात घेतले हे सांगितले, तर लागते.

उत्तर बांधण्यासाठी तिकडे ‘स्टार’ नावाची पद्धत शिकवतात. परिस्थिती, आपल्यावरची जबाबदारी, आपण केलेली कृती आणि परिणाम, या चार पायऱ्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ते नाव पडले आहे. पद्धत चांगली आहे, पण आपली माणसे पहिल्या पायरीवरच रेंगाळतात. कंपनी कधी स्थापन झाली, ग्राहक कोण, विभागात किती माणसे, हे सांगण्यात वेळ जातो आणि मुख्य भागाची बोळवण ‘मग आम्ही विश्लेषण केले आणि प्रश्न सुटला’ एवढ्यावर होते. दोन-अडीच मिनिटांच्या उत्तरातला निम्म्याहून अधिक वेळ कृतीला द्यावा आणि ती एकवचनात सांगावी. सगळे श्रेय स्वतःकडे घेणे आपल्याला प्रशस्त वाटत नाही आणि ते योग्यच आहे. तेव्हा इतरांनी काय केले तेही सांगावे, पण वेगळे करून सांगावे, कारण नोकरी तुमच्या विभागाला द्यायची नसून तुम्हाला द्यायची असते.

म्हणून तयार उत्तरे पाठ करण्याऐवजी अलीकडच्या वर्षांतले सहा-सात प्रसंग निवडून ठेवा. त्यांत एखादी किचकट अडचण सोडवल्याचा, एखादा फसलेला, एखादा मुदत अंगावर आल्याचा, एखादा मतभेदाचा असावा. प्रश्न कोणत्याही शब्दांत आला तरी बहुतेक वेळा यांतलाच एक पुढे करता येतो.

मतभेदाचा प्रश्न आपल्या माणसांना सर्वांत जड जातो. काही जण ‘माझे साहेबांशी कधी वाजलेच नाही’ असे सांगून मोकळे होतात, तर काही जण साहेबांची उणीदुणी काढत बसतात. पहिल्या उत्तरावरून हा माणूस चूक दिसली तरी गप्प बसेल असा अर्थ निघतो, आणि गुणवत्ता विभागासाठी तो फारच वाईट. दुसऱ्यावरून उद्या हा आपल्याविषयीही असेच बोलेल, असे वाटते. खरा मतभेद सांगावा. तो कामाच्या बाबतीतला असावा, आपण कोणती आकडेवारी पुढे ठेवली हे त्यात यावे, आणि निर्णय आपल्या विरुद्ध गेला असेल तर नंतर तो कसा पाळला हेही यावे. विरुद्ध गेलेल्या निर्णयाचा प्रसंग जिंकलेल्या वादापेक्षा अधिक वजनदार ठरतो असे माझे मत आहे. मंडळातल्या सर्वांना ते पटेलच असे नाही.

बाकीचे थोडक्यात. स्वतःविषयी सांगताना जन्मगाव, शाळा आणि वडिलांची नोकरी यांपासून सुरुवात करू नये. सध्याचे काम, त्यातली एक ठळक गोष्ट आणि या जागेसाठी अर्ज का केला, हे दीड मिनिटात बसते. ‘तुमची उणीव सांगा’ यावर ‘मी फार कष्टाळू आहे’ हे उत्तर केव्हाच शिळे झाले. खरी, पण त्या जागेच्या मुळावर न येणारी उणीव सांगावी आणि तिच्यावर काय उपाय चालू आहे ते सांगावे.

प्रेषक : मनुष्यबळ विभागात काम करणारी सभासद, मिसिसागा, सध्या सुट्टीसाठी औंध, पुणे

नमस्कार,

काकांच्या पत्राला कायद्याची बाजू जोडते, कारण ती अलीकडे बरीच बदलली आहे. कॅनडातील अनुभवाची सरसकट अट हा सकृद्दर्शनी भेदभाव ठरतो, अशी भूमिका ओंटारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच घेतली होती. १ जानेवारी २०२६ पासून मात्र, २५ किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकाला जाहीर केलेल्या जागेच्या जाहिरातीत किंवा अर्जात ही अट घालताच येत नाही. त्याच तारखेपासून अशा जाहिरातीत बहुतेक जागांसाठी अपेक्षित पगार किंवा त्याचा किमान-कमाल पट्टा द्यावा लागतो, अर्जांची छाननी करण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरत असल्यास तसे नमूद करावे लागते, आणि मुलाखत दिलेल्या उमेदवाराला ४५ दिवसांच्या आत निर्णय झाला की नाही हे कळवावे लागते.

कागदावरची अट गेली म्हणून समोरच्याच्या मनातली शंका जात नाही. ही व्यक्ती इथल्या कारखान्यात पहिल्या आठवड्यापासून उभी राहू शकेल का, एवढीच ती शंका असते, आणि ताईंच्या क्षेत्रात तिला चांगले उत्तर आहे. आयएटीएफ १६९४९ हे वाहन उद्योगाचे गुणवत्ता मानक भोसरीत जे आहे, तेच मिसिसागाशेजारच्या ब्रॅम्प्टनमध्ये आहे. पीपॅप (नव्या भागाच्या उत्पादनाला ग्राहकाची मंजुरी) आणि एफएमईए (संभाव्य बिघाडांचे विश्लेषण) ही कागदपत्रेही तीच. ‘मला इथला अनुभव नाही, पण मी लवकर शिकेन’ असे आर्जव करण्यापेक्षा, आपण कोणती ऑडिट हाताळली आणि परदेशी ग्राहकांच्या तक्रारींना कशी उत्तरे दिली, हे सांगावे. एक सावधगिरी मात्र बाळगा. ओंटारिओत परवाना नसताना स्वतःला ‘इंजिनिअर’ म्हणवून घेण्यावर कायद्याचे बंधन आहे, म्हणून आपल्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे, असे म्हणावे. परवाना देणाऱ्या संस्थेने कॅनडातील वर्षभराच्या अनुभवाची अट २०२३ मध्ये काढून टाकली आहे, तेव्हा तो मार्गही खुला आहे.

वय, धर्म, मूळ देश, विवाह आणि मुले यांविषयी मुलाखतीत विचारू नये असा तिथला कायदा आहे. कॅनडात काम करण्याचा हक्क आहे का, एवढे मात्र विचारता येते. तरीही कोणी गप्पांच्या ओघात ‘मुलाला कोण सांभाळणार’ असे विचारलेच, तर वाद न घालता ‘ठरलेल्या पाळीत पूर्ण वेळ येण्यास मला अडचण नाही’ असे सांगून पुढे जावे. नोकरीतील खंडाला एक वाक्य पुरेसे आहे आणि त्यानंतर लगेच परतल्यावर केलेल्या कामावर यावे. खुलासा जितका लांबतो तितकी शंका वाढते.

पगाराचा आकडा वार्षिक आणि कर कापण्यापूर्वीचा असतो. आपल्याकडच्या ‘सीटीसी’प्रमाणे त्यात भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटा आणि ग्रॅच्युइटी मिसळलेली नसते. पुण्यातल्या पगाराला डॉलरच्या भावाने भागून अपेक्षा सांगितली, तर ती हास्यास्पद वाटण्याइतकी कमी येते. जाहिरातीतल्या पट्ट्याच्या कोणत्या भागात आपला अनुभव बसतो, ते सांगावे.

प्रेषक : नवी सभासद, कोथरूड, पुणे

काका आणि ताई, आपण दोघांनी सवड काढून इतके सविस्तर लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. एक प्रसंग लिहून पाहिला आहे. कृपया निःसंकोच कात्री चालवावी.

‘आमच्याकडे अॅल्युमिनिअमचे हाउसिंग बनते. त्यातल्या ८० मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये, म्हणजे गोल भोकात, बेअरिंग बसत नाही म्हणून ग्राहकाकडून भाग परत येऊ लागले, पण आमच्या नोंदींत सगळी मापे बरोबर होती. मापे २० अंश सेल्सिअसला ग्राह्य धरण्याचा आंतरराष्ट्रीय संकेत आहे, आणि अॅल्युमिनिअम दर अंशाला मीटरमागे सुमारे २३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रसरण पावते. भाग धुण्याच्या मशिनमधून बाहेर पडलेला गरम भाग लगेच मोजला जात होता. तो वीस अंशांनी अधिक गरम असेल तर बोअर ३७ मायक्रॉनच्या आसपास मोठा दिसतो; ते पाहून ऑपरेटर टूलची सेटिंग कमी करत असे, आणि भाग गार झाल्यावर बोअर लहान पडत असे. भाग गार झाल्यावरच मोजावेत असे मी सुचवले. उत्पादन खात्याच्या प्रमुखांचा त्याला विरोध होता, कारण त्यामुळे लाइन थांबली असती. मी त्यांच्यासमोर तेच दहा भाग गरम असताना आणि गार झाल्यावर मोजून दाखवले. शेवटी लाइनशेजारी रॅक ठेवून थोडे भाग आधी गार होऊ द्यायचे असे ठरले.’

प्रेषक : जुने सभासद, सध्या पौड रस्ता, पुणे

ताई, प्रसंग उत्तम आहे. अडचण सोडवण्याचा आणि मतभेदाचा, असे दोन्ही प्रश्न यात निघतात. तीन दुरुस्त्या सुचवतो. पहिली फेरी बहुधा मनुष्यबळ विभागाची असते, तिथे प्रसरणाचा हिशेब ‘गरम भाग मोठा दिसतो, गार झाल्यावर लहान होतो’ एवढ्या एका वाक्यात उरकावा आणि मायक्रॉन दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावेत. दुसरे म्हणजे, गरम भाग मोजला जातो आहे हे आपल्या लक्षात कसे आले, तेच उत्तरात नाही. नोंदी चाळल्या, लाइनवर उभे राहून पाहिले, की भागाला हात लावला? गुण तिथे आहेत. तिसरे, परिणाम पूर्णच राहिला. रॅक ठेवल्यावर परत येणारे भाग थांबले की कमी झाले आणि ते किती काळ तपासले, हे खरे असेल तेवढेच, पण आकड्यात सांगावे. मतभेद विचारला तर त्याच प्रसंगाची सुरुवात खातेप्रमुखांच्या आक्षेपापासून करावी. त्यांची अडचण रास्त होती आणि रॅकमुळे त्यांचीही लाइन थांबली नाही, हे आपण म्हणालात तर फार बरे दिसेल.

ज्यांची नावे आपण रेफरन्स म्हणून देणार त्यांना आधीच सांगून ठेवा, कारण तिकडच्या कंपन्या खरोखर फोन करतात आणि तो फोन पुण्यात रात्री वाजतो. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळे पुढे जातात, तेव्हा टोरांटो आपल्यापेक्षा साडेदहाऐवजी साडेनऊ तास मागे राहते. मुलाखतीची वेळ पक्की करताना ते पाहून घ्यावे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्याकडे सराव मुलाखत ठेवू. औंधच्या ताई प्रश्न विचारतील, मी मान खाली घालून लिहीत बसेन. पत्ता वेगळा कळवतो. येताना आपण अर्ज केलेल्या जागेची जाहिरात छापून आणावी, प्रश्न तिच्यावरूनच काढू.