२९ मिनिटांचा अल्बम आणि रिक रुबिन

कुणीतरी म्हटलंय की स्लेयर या अमेरिकन हेवी मेटल बँडचा 'रेन इन ब्लड' हा अल्बम जेमतेम २९ मिनिटांचा, म्हणजे पैसे वसूल नाहीत. अहो, गाणी मोजा की! दहाच्या दहा आहेत, फक्त वाजवली सुसाट. कॅसेटवाल्यांची तर चंगळच होती, दोन्ही बाजूंना अख्खा अल्बम.

पण खरी गंमत अल्बमचा निर्माता रिक रुबिनची. हा माणूस डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीचा, म्हणजे हिपहॉपवाला. मेटलचा अल्बम त्याने आधी केलेलाच नव्हता. स्लेयरचाच आदल्या वर्षीचा 'हेल अवेट्स' ऐका: लांबलचक गाणी आणि सगळ्यावर रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला दिलेला घुमारा. रुबिन आणि इंजिनिअर अँडी वॉलेस यांनी तो रिव्हर्ब जवळजवळ पुसूनच टाकला. या वेगात एका ठोक्याचा घुमारा विरायच्या आत पुढचा ठोका येतो, मग सगळ्याचा नुसता काला होतो. इथे मात्र गिटारचा एकेक फटका सुटा कळतो. 'एंजल ऑफ डेथ' या गाण्याच्या शेवटाकडे सगळे थांबतात आणि ड्रमर डेव्ह लोम्बार्डोचे बेस ड्रमवरचे दोन पाय तेवढे चालू राहतात, ती जागा हेडफोनवर ऐकाच.

त्याच गाण्याचा विषय (आउश्वित्झ या नाझी छळछावणीतला डॉक्टर मेंगेले) आणि मुखपृष्ठ बघून डेफ जॅमची वितरक कंपनी कोलंबियाने वितरणाला चक्क नकार दिला. शेवटी ऑक्टोबर १९८६ मध्ये गेफन या दुसऱ्या कंपनीमार्फत अल्बम बाहेर आला. नाझींचा गौरव केल्याच्या आरोपांवर बँडचं म्हणणं एवढंच, की आम्ही वर्णन केलंय, गौरव नाही. मला ते पटतं, पण ज्यांना खटकलं त्यांनाही वेड्यात काढता येत नाही.