मदत हवी आहे: कॉलेजमधल्या मुलामुलींसाठी सुरक्षिततेचं प्रशिक्षण

नमस्कार मंडळी,
मी पुण्यातल्या एका कॉलेजात शिकवते. आमची अभ्यासिका रात्री नऊला बंद होते आणि तिथून बसस्टॉपपर्यंतच्या बोळात दोनच दिवे लागतात. परवा एक विद्यार्थिनी किल्ल्यांचा जुडगा मुठीत घट्ट धरून निघालेली दिसली. विचारलं तर म्हणाली, "मॅडम, रोजच असं जाते." ते ऐकल्यापासून चैन नाही.

दरवर्षी आम्ही एका दिवसाचं कराटे शिबिर घेतो, फोटो निघतात, संपलं. माझ्या मते एवढ्याने काही होत नाही. बहुतेक मुलांना ११२ हा आपत्कालीन क्रमांक माहीत आहे, पण यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या नियमांनुसार कॉलेजात लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत तक्रार समिती असते, घटनेपासून तीन महिन्यांत तिथे लेखी तक्रार देता येते आणि मुलगेही ती देऊ शकतात, हे वर्गात विचारलं तर एकही हात वर आला नाही. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी कुठल्याही पोलीस ठाण्यात तक्रार (झिरो एफआयआर) नोंदवता येते, हेही कोणाला माहीत नव्हतं.

तुमच्यापैकी कोणी सत्रभर चालणारा उपक्रम राबवलाय का? दामिनी पथकाला (महिलांच्या सुरक्षेसाठीच्या पोलीस पथकाला) बोलवायचं तर पत्र कोणाच्या नावे द्यावं? आणि मुख्य म्हणजे, मुलग्यांना यात कसं आणलंत? मैत्रिणीला कोणी त्रास देत असेल तर मध्ये कसं पडायचं, हे त्यांना शिकवायची माझी फार इच्छा आहे. जूनमध्ये नवीन वर्ग येतील, त्याआधी आराखडा प्राचार्यांपुढे ठेवायचाय.