'इन्फॉर्म'चा 'माहिती देणे' सोडून दुसरा अर्थ? आज संध्याकाळपर्यंत हवाय

कातरवेळ:
भाषांतर करतेय. एका वाक्यात 'इन्फॉर्म' आलंय आणि 'माहिती देणे' घातलं की वाक्याचा पार विचका होतो. 'कळवणे', 'सूचित करणे' दोन्ही लावून झालं. शब्दकोशात शेवटी 'आकार देणे' असंही दिलंय. ते चालेल का? संध्याकाळी मजकूर द्यायचाय.

निरंजन_७:
वाक्य कुठाय?

दीपमाळ:
आधी एक लक्षात ठेवा, 'इन्फॉर्म'नंतर 'टू' येत नाही. 'आय इन्फॉर्म्ड टू हिम' चूक, 'आय इन्फॉर्म्ड हिम' बरोबर. आणि 'इन्फॉर्मेशन्स' कृपा करून लिहू नका. अर्जांत ते वाचून डोकं उठतं.

कातरवेळ:
ते येतं हो मला. अडलंय मराठीत. हे घ्या वाक्य: 'हर टीचिंग इज इन्फॉर्म्ड बाय हर इयर्स अ‍ॅज अ नर्स.'

मूळाक्षर:
मग शब्दकोशातला शेवटचा अर्थच खरा. लॅटिन 'इन्फॉर्मारे' म्हणजे आकार देणे, मन घडवणे. त्यात 'फॉर्मा' म्हणजे आकार. जुन्या फ्रेंचमधून 14व्या शतकात तो इंग्रजीत आला. मन घडवायचं तर शिकवायचं, शिकवायचं तर सांगायचं, असं होत होत 'कळवणे' वर आलं आणि मूळ अर्थ मागे पडला. सरळ लिहा: 'परिचारिका म्हणून काढलेल्या वर्षांनी तिचं शिकवणं घडवलं.'

निरंजन_७:
'घडवलं' जास्त होतं. त्याला इंग्रजीत 'शेप' आहे. 'शेप' बाहेरून वळण देतं, 'इन्फॉर्म' आत मुरलेलं असतं. मी अशा ठिकाणी कायम 'अधिष्ठान' वापरतो.

मूळाक्षर:
'अधिष्ठान' म्हणजे खालचा पाया. मुरलेलं म्हणता आणि पाया घालता, हे जुळत नाही. आणि शिकवण्याला अधिष्ठान म्हटलं की वाचणारा तिथेच थबकेल.

सायली_मो:
ती शिकवते काय? नर्सिंगच शिकवत असेल तर 'अनुभवावर आधारलेलं' पुरे आहे.

कातरवेळ:
नाही, शाळेत विज्ञान शिकवते. पुढचं वाक्य असं की ती उत्तर सांगण्याआधी मुलांचं बोलणं पूर्ण ऐकून घेते.

सायली_मो:
हे आधी सांगायचं ना! रुग्णाचं पूर्ण ऐकून घ्यायची सवय वर्गात आलीय. म्हणजे विषयाचं ज्ञान नाही, वागण्याची रीत आलीय. 'आधारलेलं' रद्द.

दीपमाळ:
'इन्फॉर्मल'मधला 'इन' मात्र नकाराचा आहे, 'इन्फॉर्म'मधला नाही. गल्लत करू नका.

मूळाक्षर:
ती कुणी केलीच नाहीये. पण मुद्दा बरोबर आहे.

निरंजन_७:
'अधिष्ठान' मागे घेतो. 'मुरलेलं' हेच क्रियापद करा. आणि 'इयर्स'चं 'वर्षे' करू नका, वर्षं मुरत नाहीत, अनुभव मुरतो.

कातरवेळ:
'परिचारिका म्हणून आलेला अनुभव तिच्या शिकवण्यात मुरला आहे.' हेच देतेय. सायली, तुमच्या प्रश्नामुळे सुटलं. याच मजकुरात खाली 'इन्फॉर्म्ड कन्सेन्ट' पण आहे, त्याला हेच लागू होईल का?

सायली_मो:
नाही, तिथे माहितीच. धोके, पर्याय सगळं सांगून घेतलेली संमती. 'माहितीपूर्ण संमती' लिहितात, पण ऐकताना संमतीच माहितीने भरलीय असं वाटतं. मी 'समजून दिलेली संमती' लिहीन.

मूळाक्षर:
'माहितीपूर्ण' रूढ आहे, तेच ठेवा.